बिअर शॉपीतला मधला कप्पा

शॉपीवाला_मालवण

मालवणात माझी बिअर शॉपी आहे. दहा बाय बाराचा गाळा, समोर रस्ता, मागे चुलत्यांचा फणस. प्रश्न एका ओळीचा आहे: क्राफ्ट बिअर, म्हणजे लहान ब्रुअऱ्यांची थोडी थोडी बनवलेली बिअर, ठेवू का, आणि ठेवायची तर कुणाची? पण आधी फ्रिजची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर 'दोन क्रेट ठेव, चालतायत का बघ' म्हणून तुम्ही मोकळे व्हाल.

दुकानात दोन फ्रिज. एक घरचा जुना, बायकोने नवा घेतल्यावर इकडे आला. त्यात पाणी आणि सोडा. दुसरा सहा फुटी, काचेच्या दाराचा, आत निळा दिवा. तो एका मोठ्या कंपनीच्या वितरकाने फुकट दिलेला. फुकट कसा, तर दर महिन्याला त्यांचा पोरगा येतो आणि मोबाइलवर फ्रिजचा फोटो काढून वर पाठवतो. फोटोत डोळ्यांच्या उंचीच्या कप्प्यात त्यांचीच बाटली दिसली पाहिजे.

मागच्या नोव्हेंबरात पुण्याच्या एका लहान ब्रुअरीचे चोवीस कॅन रीतसर बिलाने मागवले आणि हौसेने मधल्या कप्प्यात लावले. डिसेंबरात तो आला, फोटोसाठी मोबाइल वर केला आणि तसाच खाली घेतला. "दादा, ह्ये तेवढे खाली घ्या. नायतर वरसून फ्रिज परत मागतले." पोरगा कणकवलीचाच, पगारी माणूस, त्याच्याशी काय भांडायचं? कॅन तळाच्या कप्प्यात सोड्याच्या मागे गेले. बिअर कोणी वाकून शोधत नाही. जानेवारीअखेर सतरा शिल्लक होते, ते मी आणि मेव्हण्याने संपवले. चव चांगली होती.

टोचलं ते पुढेच. आम्ही मूळचे देवबागचे, बाबा रापणीवर वाढले, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्यावर. मोठ्या जाळ्याने सगळी मासळी उचलणाऱ्या पर्ससीन बोटी आणि दिव्यांनी मासळी ओढणारे एलईडीवाले यांच्याविरुद्धच्या मोर्चांत मी पुढे उभा राहून घोषणा दिल्या आहेत. एका रात्री शटर ओढताना त्या निळ्या उजेडात बाटल्या बघत उभा राहिलो आणि वाटलं, हेसुद्धा पर्ससीनच की. रापणीत दोरीला हात लावला की वाटा मिळतो. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. लहानपणी मी टोकाला नुसता लोंबकळायचो, तरी चार-पाच बांगडे घेऊन घरी यायचो. या बाटलीची दोरी मालवणात मी ओढतो, माझा हमाल ओढतो आणि पिणारे ओढतात. मला बाटलीमागे चहा-भजीपुरते सुटतात. बाकीची मासळी कुठल्या बंदरात उतरते?

तर क्राफ्ट ठेवली म्हणून वाटा बदलतो का? की त्याही पाट्यांमागे तीच मोठी जाळी आहेत? आणि गावातला पोरगा, जो दिवसभर पर्यटकांना स्कूबाला नेऊन आणतो आणि साडेसहाशे मिलीची स्ट्राँग मागतो, त्याला निम्म्या मापाचा कॅन जवळपास त्याच पैशात घे असं मी कुठल्या तोंडाने सांगू?

पौडरोडचा_बार्ली

तुझ्या फ्रिजवाल्या पोराला मी ओळखत नाही, पण त्याचे भाऊबंद पुण्यातही भेटतात.

आधी मालकी, कारण यात लोक फार फसतात. किंगफिशर म्हटलं की अजून सगळ्यांना मल्ल्याच आठवतो. युनायटेड ब्रुअरीजचे बहुसंख्य शेअर २०२१ पासून हॉलंडच्या हायनेकेनकडे आहेत. बडवायझर, कोरोना, होगार्डन आणि आपली जुनी हेवर्ड्‌स ५००० हे सगळं एबी इनबेव या एकाच घरचं. त्यांनी २०१६ मध्ये सॅबमिलर ही दुसरी बडी बिअर कंपनी गिळली, तेव्हा हेवर्ड्‌स त्यांच्या ताटात आली. ट्युबर्ग कार्ल्सबर्गची. माकडवाली बिरा ९१ घे. नावातले ९१ म्हणजे भारताचा टेलिफोन कोड, पण २०१५ मध्ये पहिला माल बेल्जियममध्ये बनून आला. पुढे जपानच्या किरिनचे पैसे आले. यात गुन्हा काही नाही. फक्त लेबलावरचं चित्र बघून 'आपली' म्हणू नये.

'क्राफ्ट' या शब्दाला आपल्याकडे कायद्याने धरलेला अर्थ नाही. अमेरिकेत ब्रुअर्स असोसिएशन नावाची लहान ब्रुअऱ्यांची संघटना आहे. क्राफ्ट नसलेल्या मद्य कंपनीचा वाटा २५ टक्क्यांच्या आत असला पाहिजे, हा त्यांचा एक निकष. शिकागोच्या गूस आयलंडची कीर्ती ऐकून एबी इनबेवने २०११ मध्ये ती जवळपास ३ कोटी ८८ लाख डॉलरला घेतली. कॅलिफोर्नियाची लागुनितास २०१५ मध्ये अर्धी आणि २०१७ मध्ये अख्खी हायनेकेनची झाली. लेबलं तीच, चेहरे तेच. मग २०१७ मध्ये संघटनेने स्वतंत्र ब्रुअऱ्यांसाठी एक शिक्का काढला: उलटी बाटली. उलटी बाटली दिसली की मालक स्वतंत्र.

आपल्याकडे तसा शिक्का नाही. म्हणून बाटलीच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाच. कुणी बनवली, कुठे बनवली, कुणासाठी बनवली. तिन्ही नावं वेगळी निघाली तर काय ते समज.

तू मात्र राजकारणाआधी विजेचं बघ. लहान ब्रुअरीची बिअर बरेचदा पाश्चराइज केलेली नसते. ती ब्रुअरीपासून गिऱ्हाइकाच्या हातापर्यंत थंडच राहायला हवी. आयपीए या कडवट बिअरचा हॉप्सचा (बिअरला वास आणि कडूपणा देणाऱ्या फुलांचा) वास काही महिन्यांत मरतो. हॉप्सवर ऊन पडलं की बिअरला घाण वास येतो. तपकिरी काच बऱ्यापैकी वाचवते, हिरवी फारशी नाही, कॅन सगळ्यात उत्तम. त्यामुळे कॅनच घे. आणि आयपीएने सुरुवात करू नकोस, कडू बिअर मालवणी तिखटावर आगीत तेल ओतते. गव्हाची जर्मन पद्धतीची ठेव. तिला यीस्टमुळेच केळी आणि लवंगेसारखा वास येतो, वरून काही घालत नाहीत. तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) सुक्क्याबरोबर पिऊन बघ आणि मग माझ्याशी बोल.

बहिष्काराने काही होतं का, असं पुढे कुणीतरी विचारणारच, म्हणून एक उदाहरण. अमेरिकेतल्या कूर्स या बिअर कंपनीच्या कामगारांनी १९७७ मध्ये संप केला. कामगार संघटनांनी बहिष्कार पुकारला आणि तो १९८७ पर्यंत, दहा वर्षं चालला. संपाच्या काही वर्षं आधीच सॅन फ्रान्सिस्कोत समलिंगींचे नेते हार्वे मिल्क आणि ट्रकचालकांची युनियन एकत्र आले आणि समलिंगींच्या बारमधून ती बिअर बाहेर गेली. तिथे मधल्या कप्प्यात काय असावं हे बारवाल्यांनी ठरवलं होतं. तुझ्यासारख्यांनी.

आजो_चिंदर

बाबू, सगळा वाचलंय. तुमी पोरां क्राफ्ट क्राफ्ट करतास, माका हसाक येता. माडी म्हणजे दुसरा काय? आमचो आजो सकाळी नि सांजेक माडार चढायचो, पोयेक, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याक, काप द्यायचो, मडक्यात जमलेली खाली हाडायचो. नाय हॉप्स, नाय माल्ट, नाय फ्रिज. सकाळची गोड, दुपारी चढाक लागता, रात्री आंबट, मगे तिचा शिरको. माड आमचो, चढणारो आमचो, पिणारो वाडीतलो. पैसो खय जातलो? फार तर शेजाऱ्याच्या कोंबडीपर्यंत.

पण आता चढतलो कोण? माझो झील मुंबयक, नातू पुण्याक. नातू मे महिन्यात इलो तो डबे घेवन इलो. माका एक दिल्यान. गोड कडू कायतरी होता. पिलंय. वायट नाय. पण माडीक तोड नाय.

मास्तर_वेंगुर्ला

आजोबांच्या मडक्याला इतिहास आहे, तेवढा जोडतो. १८७८ चा मुंबई आबकारी कायदा आला, तेव्हापासून ताडी-माडीच्या झाडांवरच्या कराचा फास आवळत गेला. सरकारला हजार झाडांवरचे हजार भंडारी, म्हणजे माडी काढणारे, नको होते. मोजायला सोपा असा मोठ्या भट्टीचा, मक्तेदाराचा माल हवा होता. म्हणजे डोळ्यांच्या उंचीचा कप्पा कुणाला, हा प्रश्न तुमच्या निळ्या दिव्याच्या शंभर वर्षं आधीचा आहे.

आणि स्वदेशीचं म्हणाल तर एक गंमत. रत्नागिरीत जन्मलेले टिळक स्वदेशी वापरा म्हणून सांगत होते. अंताजी दामोदर काळ्यांच्या, लोकांकडून एकेक पैसा जमवलेल्या, पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. त्याच १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांसमोर निरोधन, म्हणजे पिकेटिंग, चाललं होतं, त्याला टिळकांचा पाठिंबा होता. काच स्वदेशी हवी, पण तिच्यात काय भरायचं यावर मात्र बंदी! शॉपीवाले, तुमच्या दारात ते उभे राहिले असते तर तुम्ही पुण्याची बिअर दाखवून सुटला नसता.

बरं, तुमच्याकडे काजू आहे का? गोव्याने २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळवलं. आपल्या वेंगुर्ला काजूला २०१६ मध्ये मिळालं, पण ते बीला. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, तसाच कुजतो. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काजूबोंडं आणि मोहफुलांपासूनच्या मद्याला 'विदेशी मद्य' या वर्गात घ्यायचं ठरवलं. माझ्या परसातला बोंडू, शेजाऱ्याची भट्टी आणि माल विदेशी! वर्गात एवढं चुकीचं उत्तर कुणी दिलं असतं तर मी बाकावर उभं केलं असतं.

सुगंधा_कुडाळ

सगळे पुरुष बोलताय, म्हणून मी लिहिते. पौडरोडवाल्यांनी उलटी बाटली सांगितली. आम्हाला दुसऱ्या दोन माहीत आहेत, उभी आणि आडवी. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर मत दिलं तर दुकान बंद होतं. मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या नाही, एकूण मतदारांच्या. मुंबईला गेलेली, माहेरी गेलेली, अंथरुणाला खिळलेली, सगळ्या मोजतात. आमच्या बचत गटाने एकदा सह्या गोळा करायला घेतल्या होत्या आणि या आकड्यावरच हिशोब मोडला.

पैसा गावात राहावा असं तुम्ही म्हणता. माझ्या घरातून तो शंभर पावलांवरच्या दुकानात जायचा. म्हणजे गावातच राहायचा! दुकानदार ओळखीचा, लग्नाला आहेर करणारा. त्याने माझं काय भलं झालं? वाटे करताय तर घरातल्या बाईचा वाटा कुठल्या कप्प्यात ठेवलाय तेही सांगा.

तुमचं दुकान बंद करा असं म्हणत नाही. उधारीवर देता का, एवढंच विचारते.

लातूरचा_रत्नागिरीत

नोकरीमुळे आठ वर्षं इकडे आहे. शॉपीवाले, तुम्ही मासळी कुठल्या बंदरात उतरते विचारलंत. मी उलटं विचारतो, पाणी कुठल्या विहिरीतून चढतं? महाराष्ट्रातली कितीतरी बिअर औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत बनते. २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. मी कळशी घेऊन उभा राहिलेलो आहे. त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला दारू कारखान्यांचं पाणी ६० टक्के कापा म्हणून सांगावं लागलं. मालक डच आहे की पुणेकर, याने कळशीला फरक पडत नव्हता.

तुमच्याकडे पागोळ्यांखाली उभं राहिलं तरी पिंप भरतं. एवढ्या पावसाच्या पट्ट्यात कुणी लहान ब्रुअरी काढली तर मी पहिलं गिऱ्हाईक. तोवर मी कोकम सरबत पितो, म्हणजे बुधवार सोडून.

शॉपीवाला_मालवण

सगळ्यांना एकदम उत्तर देतो, दुपारची वेळ आहे, गिऱ्हाईक नाही.

सुगंधाताई, आधी तुमचं. उधारी होती. वही होती. बाबांच्या वेळी किराणा होता, तेव्हापासूनची सवय, तीच बाटलीला लागली. तुमचं वाचून काल रात्री वही उघडली. अकरा नावं, त्यातल्या सात जणांच्या बायका मला रस्त्यात 'भावोजी' म्हणतात. आता नवीन उधार नाही, तशी पाटी लावली. जुनी वसूल करायला कुणाच्या दारात जाणार नाही. याने फार काही होईल असं नाही, पुढच्या नाक्यावर दुसरी शॉपी आहेच आणि तिथे वही असेल. पण माझ्याकडून बंद.

बार्ली, तुमच्या सांगण्यावरून आईचा चष्मा लावून बाटल्यांच्या पाठी वाचल्या. दुकानात एकतीस लेबलं आहेत. त्यातली सव्वीस तीन घरांची निघाली. मी स्वतःला एकतीस जणांचा दुकानदार समजत होतो! पण यातच घोळ झाला. एका नामांकित लेबलावर बनवल्याचं ठिकाण तळोजा. तळोजा म्हणजे रायगड जिल्हा, म्हणजे कोकणच की! माझ्या बायकोचा मामेभाऊ तिथल्याच एका कारखान्यात कंत्राटी कामाला होता. म्हणजे मालक हॉलंडचा आणि दोरी ओढणारा आमचा. आणि ज्या पुण्याच्या कॅनसाठी मी मधला कप्पा पणाला लावला, तो घाट उतरून येतो. आता आपली कुठली म्हणायची? बाबांना विचारलं. ते म्हणाले, रापणीत होडी कुणाची हे कोणी विचारत नाही असं नाही, विचारतात, होडीला वाटा जास्त असतो. पण ओढणाऱ्याला मासळी मिळाल्याशिवाय जाळं उचलत नाहीत. आणि मग टीव्हीचा आवाज वाढवला.

गोव्याचंही करून बघितलं. पात्रादेवीची हद्द इथून दोन तासांच्या आत. तिकडे लहान ब्रुअऱ्या बऱ्याच, मला पुण्यापेक्षा कितीतरी जवळ. पण त्या बाटलीवर 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असतं. ती रीतसर इकडे आणायची तर ब्रुअरीला इथे लेबल नोंदवायला हवं, त्याची फी, वर आयातीचं शुल्क. हजारो क्रेट विकणाऱ्याला ते जड नाही. शंभर क्रेटवाला त्यातच बुडतो. एकाला फोन केला तर तो म्हणाला, "पात्रांव, तूच हांगा येऊन पी."

तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा सगळ्या बाटल्या कोमट झाल्या. मोठ्या कंपन्यांचा माल परत थंड केल्यावर कुणी ओळखलंसुद्धा नाही. लहान ब्रुअरीचे कॅन असते तर फेकावे लागले असते, आणि ते नुकसान कंपनीचं नाही, माझं. म्हणून मागवीन तर थोडेच, एका वेळी दोन क्रेट, फक्त ऑक्टोबर ते मे.

स्कूबावाल्या पोरांना मी काही सांगणार नाही. त्यांच्या घामाचे पैसे, त्यांची स्ट्राँग. त्यातल्या एकाला मागे त्या गव्हाच्या बिअरचा एक कॅन असाच दिला होता. त्याने अर्धा प्यायला, लेबल फिरवून फिरवून बघितलं आणि म्हणाला, "ह्येच्यात किक खय असा?" खरी चळवळ त्याच्यापाशी अडते. पर्यटक मात्र विचारतात. 'इथलं काही आहे का?' असं मला आठवड्यातून दोन-तीनदा ऐकू येतं आणि दर वेळी मी सोडा दाखवतो.

मास्तर, काजू आहे. कट्ट्याच्या वाडीत चाळीस कलमं, वेंगुर्ला-४. मार्च-एप्रिलमध्ये बी काढून घेतो आणि बोंडूंचा खच झाडाखाली पडून राहतो. त्या वासाने वानर सोडून कुणी फिरकत नाही. त्या विदेशी दर्जाचं पुढे कागदावर काय झालं, परवाना कुणाला आणि किती फीला मिळतो, ते बघायला सोमवारी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला जाणार आहे. आजोबा, तुमच्या चिंदरातला चढणारा कुणी उरला असेल तर सांगा, मला एकदा सकाळची चाखायची आहे.

फ्रिजचं विचाराल तर कुडाळला एक मिठाईवाला दुकान आवरतोय. त्याचा काचेच्या दाराचा चार फुटी आहे, कॉम्प्रेसर बदललेला आहे म्हणतो. परवा टेम्पो घेऊन बघायला जातोय. तो आला की निळ्या दिव्यावाला तिकडे भिंतीशी आणि हा दारासमोर. त्यात पेढ्यांचा वास असेल, तेवढा घालवायला काय लावायचं ते कुणाला माहीत असेल तर लिहा.

सुगंधा_कुडाळ

खायचा सोडा कोमट पाण्यात घालून आतून पुसा, मग दोन दिवस लिंबाच्या फोडी ठेवा आणि दार थोडं उघडं. तो मिठाईवाला आमच्या आळीतलाच. सांगेल त्यातले दीड हजार सरळ कमी करा.